राजमार्गावरील वृद्ध प्रवासी

सेवानिवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतील काही भाग खर्चून दूरदेशीचे डोंगर, दऱ्या आणि प्राचीन रस्ते पाहावयास जाणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून वारंवार ऐकू येतो. तो व्यासपीठावरून कोणी विचारीत नाही. उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, जिन्यावर, रिक्षाची वाट पाहताना तो हलक्या आवाजात विचारला जातो. "या वयात ही दगदग कशाला?" असे मुले म्हणतात. "एवढ्या पैशात एखाद्या गरीब विद्यार्थ्याचे वर्ष निघाले असते," असे मंडळीतील कोणी म्हणतो. आणि ज्यांना जावयाचे असते त्यांच्या मनात आणखी एक आवाज उठतो: "आता पाहून तरी काय करावयाचे? पाहिलेले उपयोगी पडेल असे दिवस किती उरले?"

पहिल्या दोन प्रश्नांना व्यावहारिक उत्तरे देता येतात. तिसरा प्रश्न मात्र खोल आहे. तरुणपणी पाहिलेले जग पुढे कामी येते. त्यावरून माणूस गाव निवडतो, व्यवसाय निवडतो, मुलांना काही शिकवतो. वृद्धाच्या पाहण्याला असा पुढचा हिशेब नसतो. तो डोंगर त्याला पुन्हा दिसणार नाही आणि त्या दरीत तो घर बांधणार नाही. मग अशा निव्वळ पाहण्याला ख्रिस्ती जीवनात काही स्थान आहे काय?

या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट रस्त्याच्या आधारे करावा असे मला वाटते. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील असोत की मुंबई, पुणे, अहिल्यानगर येथील, आपल्यातील पुष्कळ वडीलधारी मंडळी पवित्र भूमीच्या यात्रेत यार्देन देशातून बसने प्रवास करतात. आंध्र प्रदेशात २००८ साली आणि त्यानंतर काही वर्षांनी तमिळनाडूत अशा यात्रेसाठी शासकीय अर्थसाहाय्यही सुरू झाले. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धामुळे अनेक यात्रा रद्द झाल्या, अनेकांचे मार्ग बदलले. परंतु जाण्याची ओढ ओसरलेली नाही. या देशात दक्षिणोत्तर जाणारे तीन मुख्य रस्ते आहेत. एक मृत समुद्राच्या काठाने जातो. दुसरा पूर्वेकडील वाळवंटातून सरळ जातो. पेट्राहून राजधानी अम्मानला त्याने सुमारे तीन तासांत पोहोचता येते. तिसरा या दोहोंच्या मधून, डोंगरमाथ्यावरून, गावांतून आणि खोल दऱ्यांतून वळणे घेत जातो. त्याला जवळजवळ संपूर्ण दिवस लागतो. पवित्र शास्त्रात ज्याला 'राजमार्ग' म्हटले आहे तो परंपरेने हाच मानला जातो. रोमी सम्राट त्रायान याने इ. स. १११ ते ११४ या काळात अकाबाच्या आखातापासून उत्तरेस बस्रापर्यंत जो फरसबंदी मार्ग बांधविला, तोही बऱ्याच अंशी याच जुन्या वाटेने गेला. घाई असलेली बस वाळवंटाचा रस्ता धरते. ज्यांना पाहावयाचे आहे ते राजमार्गाने जातात.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की आपण पुण्य जोडावयास जात नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या समाजातून आले, तेथे उतारवयातील तीर्थयात्रेला मोठे मोल होते. काशीला जाऊन आलेला माणूस गावात वेगळ्या आदराने पाहिला जाई. शुभवर्तमान स्वीकारताना त्यांनी हा विचार जाणीवपूर्वक मागे ठेवला. शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने गरिजीम आणि यरुशलेम या दोन्ही ठिकाणांची मक्तेदारी संपविली (योहान ४:२१-२४). चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी याने एका पत्रात असा विचार मांडला की, स्थान बदलल्याने देव अधिक जवळ येत नाही. हे सर्व आपल्याला मान्य आहे. तेव्हा पुण्याचे कारण बाद झाले.

"विश्वास बळकट होतो" हे कारण पुष्कळदा सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. पण ते पुरेसे नाही. चाळीस वर्षे विश्वासात राहिलेल्या माणसाला त्यासाठी विमानाची गरज नसते, आणि ज्याचा विश्वास एखादा डोंगर पाहून उभा राहतो त्याचा तो तितक्याच सहज खाली बसू शकतो. "आयुष्यभर कष्ट केले, आता थोडी मौज करू द्या" हे कारणही मला अपुरे वाटते. जीवन म्हणजे नोकरी आणि म्हातारपण म्हणजे तिची भरपगारी रजा, ही कल्पना पवित्र शास्त्रात कोठे सापडत नाही. मग उरते काय? पाहणे उरते. त्याचेच समर्थन होते की नाही हे पाहिले पाहिजे.

राजमार्गाचा पहिला उल्लेख गणनाच्या विसाव्या अध्यायात येतो. हा अध्याय तीन वृद्ध भावंडांचा आहे हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आरंभी कादेश येथे मिर्याम मरण पावते. शेवटी होर पर्वतावर अहरोन मरण पावतो. त्याची याजकीय वस्त्रे काढून त्याचा पुत्र एलाजार याच्या अंगावर घालण्यात येतात. मोशे ते स्वतःच्या हातांनी करतो. अहरोनाचे वय त्या वेळी १२३ वर्षांचे होते, असे त्याच ग्रंथात पुढे सांगितले आहे. या दोन मृत्यूंच्या मध्ये मोशे अदोमाच्या राजाकडे जासूद पाठवितो आणि राजमार्गाने जाण्याची परवानगी मागतो. बहीण गेलेली आहे, भाऊ जाणार आहे, आणि एक वृद्ध पुढारी परक्या देशातून वाट मागत आहे.

त्याची मागणी बारकाईने वाचण्याजोगी आहे. आम्ही शेतांतून वा द्राक्षमळ्यांतून जाणार नाही, विहिरींचे पाणी पिणार नाही, उजवीकडे वा डावीकडे वळणार नाही, असे तो कळवितो. इतकेच नव्हे, तर पुढे लोक म्हणतात की आमची गुरे पाणी प्यालीच तर आम्ही त्याचे मोल देऊ. या वचनांचे भाषांतर करताना मला नेहमी वाटते की प्रवाशाची नीती याहून नेमक्या शब्दांत क्वचितच सांगितली गेली असेल. जाऊ द्या, एवढीच विनंती आहे. वाटेवरचे काही आपले नाही, हे प्रवाशाने आधीच मान्य केले आहे. आणि जे घ्यावे लागेल त्याचे दाम तो मोजणार आहे.

अदोमाने ती विनंती नाकारली. इस्राएलाला वळसा घालून जावे लागले. म्हणून आज आपले एखादे वृद्ध जोडपे पेट्राच्या डोंगरांतून उत्तरेकडे निघते तेव्हा ते, एका अर्थी, मोशेला नाकारलेल्या वाटेने जात असते. मागे पश्चिमेस एका उंच शिखरावर लहानसे पांढरे स्मारक दिसते. परंपरेने तेच अहरोनाच्या मृत्यूचे स्थान मानले जाते. पुढे बस एका रुंद आणि उजाड दरीत उतरते. आज तिला वादी अल्-हासा म्हणतात. अभ्यासक सामान्यतः तिला शास्त्रातील जेरेद मानतात. कादेश-बर्ण्याहून निघाल्यापासून जेरेद ओलांडीपर्यंत ३८ वर्षे गेली आणि तेवढ्या काळात लढवय्यांची ती सगळी पिढी नाहीशी झाली, असे अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. एका संपूर्ण पिढीचा शेवट एका ओढ्याच्या नावाने नोंदलेला आहे. साठी-सत्तरीच्या प्रवाशांनी येथे थोडा वेळ गाडी थांबवावयास सांगावी. आपल्याबरोबर शाळेत बसलेले, आपल्याबरोबर दृढीकरण झालेले, आपल्याबरोबर नोकरीस लागलेले किती जण आता नाहीत, याची उजळणी करावयास याहून योग्य जागा मिळणार नाही.

त्यानंतर केराकचा किल्ला मागे टाकून रस्ता अर्णोनच्या दरीशी येतो. आजचे तिचे नाव वादी मुजिब. कड्यावरून पाहिले असता रस्ता शेकडो मीटर खाली वळणावळणांनी उतरतो, तळाशी धरणाचे पाणी दिसते आणि समोरच्या भिंतीवर तोच रस्ता पुन्हा चढताना दिसतो. ही दरी मवाब आणि अमोरी यांची सीमा होती. तिच्या उत्तरेस दीबोन आहे. तेथे १८६८ साली मवाबाचा राजा मेशा याचा काळा शिलालेख सापडला, तो इ. स. पूर्व नवव्या शतकातील आहे. आपल्या बांधकामांची यादी देताना मेशा त्यात सांगतो की अर्णोनजवळील रस्ता आपण तयार केला. यासाठी त्याने वापरलेला शब्द आणि यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात अरण्यातील मार्गासाठी आलेला इब्री शब्द एकाच धातूचा, एकाच घडणीचा आहे. दरी उंच करणे, डोंगर सखल करणे, उंचसखल सपाट करणे या यशयाच्या भाषेचा आध्यात्मिक अर्थ आपण अनेकदा ऐकला आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तिचा शब्दशः अर्थही कळतो. पूर्वी जे धडधाकट माणसालाच साध्य होते, ते रस्ता बांधणाऱ्यांच्या श्रमाने आज काठी टेकीत चालणाऱ्यालाही दिसते. आपले पाहणेसुद्धा कोणीतरी आपल्याला दिलेले आहे, याची ही एक खूण आहे.

मग मदाबा येते. तेथील चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातील रंगीत दगडांचा पवित्र भूमीचा नकाशा आहे. आणि तेथून थोड्याच अंतरावर नबो पर्वत आहे.

नबोची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. समोर खाली असलेल्या मृत समुद्राची पातळी समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे. म्हणजे माथ्यावर उभे राहणाऱ्याची नजर अकराशे मीटरांहून अधिक खोल उतरते. हवा स्वच्छ असली तर पलीकडे यरीहोची हिरवी पट्टी दिसते, आणि कधी कधी सुमारे ४६ किलोमीटर दूर यरुशलेमाच्या टेकड्याही दिसतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची ख्रिस्ती स्त्री पश्चिमेकडून येथे आली. तिने आपल्या प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. काही चढ गाढवावर बसून आणि उरलेला पायी चढल्याचे ती सांगते. १९३३ पासून फ्रान्सिस्कन बंधूंनी येथे उत्खनन केले. २० मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल येथे आले, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते आणि कंपवाताने त्यांचे शरीर थकलेले होते. तेही येथे उभे राहून त्या देशाकडे पाहत राहिले.

मोशेने जे मागितले ते अनुवादाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. मला पलीकडे जाऊन तो उत्तम देश पाहू दे, अशी त्याने काकुळतीने विनवणी केली. परमेश्वराने त्या विनवणीचे दोन तुकडे केले. जाणे नाकारले, पाहणे दिले. आपण हा प्रसंग नेहमी शिक्षा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेही. परंतु शिक्षाच करावयाची होती तर पाहण्याची काय गरज होती? खालच्या मैदानावर, तंबूत, डोळे मिटून मोशे मरू शकला असता. त्याला डोंगर चढावयास सांगण्यात आले. पश्चिमेस, उत्तरेस, दक्षिणेस आणि पूर्वेस डोळे वर करून पाहावयास सांगण्यात आले. ज्या देशाचा उपयोग त्याला कधीही होणार नव्हता, तो त्याला प्रांताप्रांताने दाखविण्यात आला. पाहण्याला उपयोगाबाहेर काही मोल नसते, तर देवाने आपल्या सेवकाच्या अखेरच्या दिवशी हे केले नसते.

येथे भाषेचा एक बारकावा आहे. मूळ इब्रीत 'पाहणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप योजिले आहे. देवाने मोशेला पाहावयास लाविले. नबोवरून दान दिसत नाही आणि पश्चिमेकडील समुद्रही दिसत नाही, कारण मध्ये यहूदाचा डोंगराळ प्रदेश आहे. तरी ते दाखविल्याचे वचन सांगते. तेव्हा दाखविणाऱ्याचे देणे डोळ्याच्या पल्ल्याएवढेच नव्हते. त्याच अध्यायात मोशेच्या डोळ्यांविषयी आणि त्याच्या जोमाविषयी सांगितले आहे. तेथे 'जोम' या अर्थी जो इब्री शब्द आहे तो हिरव्या, न सुकलेल्या लाकडाच्या ओलाव्याशी नाते सांगणारा आहे. एकशेवीस वर्षांच्या माणसात ओलावा शिल्लक होता, असे लेखकाला सांगावयाचे आहे. जमीन मिळणार नाही हे ठाऊक असताना तिच्याकडे पाहण्यास जो तयार होतो, त्याचाच ओलावा टिकतो असे मला वाटते. "आता पाहून काय करावयाचे" असे म्हणणारा मनुष्य आतून सुकू लागलेला असतो, मग त्याचे वय चाळीस का असेना.

परंतु दाखविणारा नेहमी देवच असतो असे नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आणखी एक उंच डोंगर आहे. तेथे सैतान प्रभूला जगातील सर्व राज्ये आणि त्यांचे वैभव दाखवितो. अनुवादाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, मोशेला देश दाखविला तेथे जे क्रियापद आहे, तेच मत्तयाने येथे वापरले आहे. दोन्ही ठिकाणी डोंगर आहे, देशोदेशीचे दर्शन आहे, आणि दाखविणारा कोणी आहे. फरक पुढच्या वाक्यात आहे. देव म्हणतो, तुला दाखविले, पण तू तेथे जाणार नाहीस. सैतान म्हणतो, हे सर्व मी तुला देईन. एक दर्शन हातात काही न देता संपते आणि माणूस मोकळा राहतो. दुसरे दर्शन मालकीचे आमिष दाखविते आणि माणसाला गुडघ्यावर आणते.

सुंदर रस्त्यांवरून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला हे दोन्ही डोंगर लागतात. पाहिलेली स्थळे मोजणे, ती मोबाइलमध्ये साठविणे, शेजाऱ्यांना ऐकविणे, गेलेल्या आणि न गेलेल्या अशा दोन जाती मंडळीत निर्माण करणे, या सर्वांत पाहण्याचे रूपांतर मालकीत होते. त्या भूमीच्या बाबतीत तर हा धोका फार गंभीर आहे. नबोवरून जो देश दिसतो तो रिकामा नव्हता आणि आजही नाही. यार्देन नदीच्या दोन्ही तीरांवर घरे गमावलेली, आप्त गमावलेली, भयभीत माणसे राहतात, आणि त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही आहेत. मोशेनंतर यार्देन ओलांडल्यावर काय झाले ते आपण यहोशवात वाचतो, आणि ते वाचताना आजही मन जड होते. त्याचा उलगडा येथे करता येणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की वृद्ध प्रवाशाला जी जागा दिली आहे ती मोशेची आहे. पाहावे, आशीर्वाद मागावा, आणि कोणाच्याही जमिनीवर आपल्या श्रद्धेचा शिक्का मारू नये. विहिरीचे पाणी प्यालो तर मोल द्यावे. गाईड, चालक, हॉटेलातील नोकर यांच्याशी घासाघीस करून पवित्र भूमीतून परत येणे म्हणजे राजमार्गावरील करार मोडणे होय.

आता पैशाचा प्रश्न. या ठिकाणी काही जण बेथानीच्या मरियेचे उदाहरण देतात. तीनशे दिनार किमतीचे जटामांसीचे तेल तिने ओतले आणि प्रभूने तिची बाजू घेतली. हे उदाहरण आपल्याला वापरता येणार नाही, असे माझे मत आहे. ते तेल तिने स्वतःच्या मस्तकावर ओतले नव्हते. स्वतःवरील खर्चाचे समर्थन त्या वचनात शोधणे प्रामाणिकपणाचे नाही. प्रश्न अधिक साधेपणाने सोडवावा. ज्या पैशावर दुसऱ्याचा हक्क आहे तो प्रवासाला वापरू नये. त्यात कर्ज आले, नातवंडाच्या उपचाराची रक्कम आली, घरकाम करणाऱ्या बाईचे थकलेले वेतनही आले. ज्याचा दशांश देण्याचा हात आखडता आहे, त्याने आधी तो सैल करावा. हे झाल्यावर जे उरते त्याविषयी मंडळीने हिशेब मागू नये. घर रंगविण्याला, लग्नात दागिना करण्याला, मोठी गाडी घेण्याला आपण हिशेब मागत नाही. केवळ दोन वृद्धांनी एक दरी पाहावयास जावे म्हटले की आपल्याला गरीब विद्यार्थी आठवतो, याचा अर्थ आपण काय समजावा? मला वाटते, वृद्धाने आता काही मिळवू नये, एवढेच नव्हे तर काही इच्छूही नये, असा एक निष्ठुर संकेत आपण पाळीत आहोत, आणि त्याला धर्माचे वस्त्र घातले आहे.

मुलांच्या काळजीविषयीही बोलले पाहिजे. दुसऱ्या शमुवेलाच्या एकोणिसाव्या अध्यायात ८० वर्षांचा बर्जिल्लय भेटतो. दावीद राजा त्याला आग्रहाने यरुशलेमेला नेऊ पाहतो. बर्जिल्लय म्हणतो की मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मी राजाला भार का व्हावे? तो यार्देनपर्यंत, थोड्या अंतरापर्यंत सोबत करतो, राजाचा निरोप घेतो आणि आपल्या गावी परततो. या वृत्तान्तात राजाचा आग्रह प्रेमाचा आहे. तरी राजा वृद्धाचे ऐकतो. किती दूर जावयाचे हे बर्जिल्लय ठरवितो. याउलट योहानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू पेत्राला सांगतो की तू म्हातारा झाल्यावर दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको असेल तिकडे नेईल. तेथे बोलणे पेत्राच्या मरणाविषयी आहे. पण नको तिकडे नेले जाणे हे वृद्धपणाचे दुःख प्रभूला ठाऊक होते, हे त्या शब्दांतून कळते. आपण मुले म्हणून हे दुःख दोन प्रकारे देतो. कधी त्यांना जावयाचे असताना अडवून ठेवतो. कधी त्यांना घरी राहावयाचे असताना आपल्या हौसेखातर गाडीत घालून नेतो. दोन्हींत त्यांची कंबर आपण बांधतो. औषधे, डॉक्टरांचा सल्ला, वाटेत स्वच्छतागृहांची सोय, दिवसाकाठी कमी अंतर, चढ नसलेली खोली, हे पाहणे मुलांचे कर्तव्य आहे. जावयाचे की नाही आणि कोठवर जावयाचे, हे त्यांनी ठरवावे.

यावर कोणी म्हणेल, ज्यांना पैशाअभावी किंवा आजारामुळे कोठेच जाता येत नाही त्यांचे काय? त्यांना या कृपेत वाटा नाही काय? याचे उत्तर याकोबाच्या अंथरुणाशी मिळते. उत्पत्तीच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात त्याचे डोळे वयाने मंद झाले होते, त्याला दिसत नव्हते, असे स्पष्ट लिहिले आहे. लगेच पुढच्या वचनात तो योसेफाला म्हणतो की तुझे तोंडही पुन्हा दिसेल असे वाटले नव्हते, आणि देवाने तर मला तुझी संततीही दाखविली. मूळ भाषेत येथेही 'पाहणे' याचे तेच प्रयोजक रूप आहे, जे पुढे नबोवर येणार आहे. ज्याला दिसत नाही त्याला देवाने पाहावयास लाविले. अंथरुणाला खिळलेली आई खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत असेल, किंवा नातवाचा चेहरा हाताने चाचपीत असेल, तर तीही त्याच दर्शनाची वाटेकरी आहे. राजमार्गावर जाऊन आलेल्यांनी तिच्याशेजारी बसून पाहिलेले हळूहळू सांगावे. फोटो दाखविण्याची घाई करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाहून काय करावयाचे? अनुवादाच्या तिसऱ्या अध्यायात मोशेला डोंगर चढून पाहण्याची आज्ञा आहे, आणि तिला लागूनच दुसरी आज्ञा आहे: यहोशवाला अधिकार दे, त्याला धीर दे, त्याला बळकट कर, कारण पलीकडे तो जाणार आहे. पाहणाऱ्याचे काम तेथे सांगितले आहे. आपल्याला जे मिळणार नाही ते दुसऱ्याला मिळणार आहे, हे ज्याने डोळे भरून पाहिले, तोच त्या दुसऱ्याला असूया न ठेवता धीर देऊ शकतो. ज्या वृद्धाने भविष्याकडे पाठ फिरविली आहे तो तरुणांना फक्त धोके सांगतो. ज्याने पाहिले आहे तो त्यांना सांगू शकतो की देश उत्तम आहे, जा. आपल्या मंडळ्यांत आज अशा वृद्धांची फार गरज आहे. पाळकपद, विश्वस्तपद, चिटणीसपद यांना अखेरपर्यंत धरून बसणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. अहरोनासारखी वस्त्रे उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालू देणारे थोडे आहेत.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने मरण पावलेल्यांविषयी लिहिले आहे की त्यांना वचनांचे फळ मिळाले नाही, तरी त्यांनी ते दुरून पाहिले आणि त्याला अभिवादन केले. अभिवादनासाठी जे ग्रीक क्रियापद येथे आहे, तेच पौलाने पत्रांच्या शेवटी स्नेह्यांना सलाम सांगताना योजिले आहे. मित्राला रस्त्यापलीकडून हात वर करून ओळख द्यावी, तसे त्यांनी त्या न मिळालेल्या देशाला केले. त्या कृतीत निराशा नाही आणि लोभही नाही.

वाचकहो, आपल्या घरातील कोणी वडीलधारे या वर्षी एखादा घाट, एखादी दरी, एखादा समुद्रकाठचा रस्ता पाहावयास जाऊ इच्छीत असतील, मग तो राजमार्ग असो की आपल्याच प्रांतातील एखादी वाट, तर त्यांना उपयोग विचारू नका. जमत असेल तर गाडी वळणावर थोडी थांबवा, दार उघडा, त्यांना हात द्या आणि बाजूला उभे राहा. देव त्यांना काही दाखवीत असेल. आणि ते परत येऊन बोलू लागले की ऐका, कारण ज्या देशाविषयी ते सांगतील तेथे कदाचित आपल्याला जावयाचे असेल.